तीन नंबरचं सहावं घर

फौजेत चोवीस वर्षं काढली असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढतो. मग मी सांगतो की मी आर्मरर होतो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, आणि तो खुर्ची पुन्हा मागं नेतो. या अंकाच्या संपादकबाईंचंही तेच झालं. फोनवर म्हणाल्या, "जाधवकाका, एखादा थरारक प्रसंग लिहा ना." मी म्हणालो, "बाई, माझ्या नोकरीतला सगळ्यात थरारक प्रसंग म्हणजे एक लोखंडी सळई एका भोकात अडकली तो." त्या खो-खो हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

ती सळई अडकली जयपूरला, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. त्या वेळी जे झालं त्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. कोण चुकलं ते कळतं. किती चुकलं आणि नेमकं कुठल्या घडीला, ते कळत नाही. तेव्हा वाचणाऱ्यानंच ठरवावं.

आधी धंदा सांगतो. आर्मररचं काम म्हणजे युनिटमधलं प्रत्येक हत्यार चालतं ठेवणं. स्प्रिंगा बदलायच्या, गंज काढायचा, जयपूरसारख्या ठिकाणी आंधी येऊन गेली की प्रत्येक सांध्यातली रेती कुंचल्यानं काढायची. आणि फायरिंगच्या दिवशी रेंजवर हजर राहायचं. रेंजवर ज्याचा नेम चुकतो तो आधी हत्याराकडं बघतो, मग माझ्याकडं. स्वतःच्या हाताकडं बघणारा माणूस मी सगळ्या नोकरीत फार तर दोनदा पाहिला.

अशा वेळी वाद घालायचा नाही, हे माझ्या उस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. साहेब म्हणाले, "हे डावीकडं मारतंय," की म्हणायचं, "होय साहेब, बघतो." हत्यार घेऊन तंबूमागं जायचं. ते फडक्यावर नीट ठेवायचं आणि हातोडीनं दुसऱ्याच कुठल्यातरी लोखंडावर तीन-चारदा ठोकायचं, म्हणजे आवाज बाहेर जातो. मग चहा प्यायचा. चहा संपला की परत यायचं आणि सांगायचं, "जरासा फरक होता साहेब, काढला." साहेब पुन्हा झाडतात आणि गोळ्या बरोबर मधोमध! एका कर्नलसाहेबांनी तर मला तीजेच्या सणाला डबाभर घेवर, म्हणजे तिकडची जाळीदार मिठाई, पाठवलं होतं, त्यांच्या रिव्हॉल्व्हरला मी नवा जन्म दिला म्हणून. मी त्याचा एक स्क्रूसुद्धा हलवला नव्हता. घेवर मात्र आम्ही चौघांनी दोन दिवस पुरवून खाल्लं.

यात फसवणूक आहे का? असेलही. पण माणसाचा हात त्याच्या मनाच्या ऐकण्यात असतो. हत्यार ठीक झालं असं मनाला वाटलं की हात सैल पडतो. एवढी वर्षं हे बघून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की दहातल्या नऊ वेळा खोट हातात असते, हत्यारात नसते. या अकलेचा मला मोठा तोरा होता. तीच नडली.

उस्तादांची दुसरी शिकवणही इथंच सांगून टाकतो, कारण पुढं ती लागणार आहे. रिव्हॉल्व्हरला मधे एक फिरती चकरी असते, तिच्यात गोळ्यांची सहा घरं. चाप ओढला की चकरी एक घर पुढं सरकते, ते घर नळीच्या मागं येऊन थांबतं आणि गोळी सुटते. उस्ताद सांगायचे, "आर्मररने सहा घरं कधी भरू नयेत. पाच भर. गोळीवर आपटणारा घोडा ज्या घरावर टेकलेला असतो ते रिकामं ठेव. हत्यार हातातून पडलं तरी कोणाचा जीव जाणार नाही." त्यांच्या डोळ्यांदेखत कधीतरी तसा अपघात झाला होता. म्हणून नवीन रिव्हॉल्व्हर ताब्यात आलं की मी पहिल्याच दिवशी एका घराच्या कडेला पिवळ्या रंगाचा बारीक ठिपका लावायचो. ठिपक्याचं घर रिकामं. कधीही हातात घेतलं तरी डोकं चालवायला नको. वीसेक वर्षांत या ठिपक्यात चूक झाली नव्हती, आणि दुसऱ्या आर्मररांना मी तो मोठ्या ऐटीत दाखवायचो.

आता भैरोंसिंहजी.

हवालदार भैरोंसिंह हे जयपूरजवळच्या बस्सीचे. उंच, वाळलेले, मिशांना रोज तेल. वयानं माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या डाव्या अंगाला गोळा फुटला आणि डावा कान कायमचा गेला. बोलताना माणसाला ते खांद्याला धरून स्वतःच्या उजवीकडं आणायचे. आणि नेम असा, की रेंजवर त्यांची पाळी आली की चहावाले भय्यासुद्धा किटली खाली ठेवून बघत उभे राहायचे. जुनं, झिजलेलं, मुठीचं लाकूड तडकलेलं एक रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडं होतं. त्यातून सहाच्या सहा गोळ्या ते एका वाटीखाली झाकतील एवढ्या जागेत मारत.

रविवारी ते आमच्या क्वार्टरवर यायचे. येताना गावाकडचं बाजरीचं पीठ. आमच्या हिला, सुमनला, "भाभीसा" म्हणायचे आणि तिच्या हातचे आप्पे मोजून न खाणारे ते एकच पाहुणे होते. माझ्या मुली त्यांच्याशी हिंदीत बोलायच्या आणि माझ्याशी मराठीत, तेही कसं, तर "बाबा, मतलब भैरों अंकलना दुसरा कान नाहीच का?" ते ऐकून भैरोंसिंहजी पोट धरून हसायचे.

त्या वर्षी जयपुरातच युनिटा-युनिटांची नेमबाजीची स्पर्धा होती. भैरोंसिंहजींना पेन्शनीत जायला दोन वर्षं उरली होती. स्पर्धेत नाव निघालं तर रेंजवर उस्ताद म्हणून नेमणूक पक्की, आणि मग ती दोन वर्षं नव्या पोरांना नेम शिकवण्यात जाणार. त्यांना दुसरं काही नको होतं. "जाधवजी, जो आता है वही सिखाकर घर जाना है," असं ते म्हणायचे.

स्पर्धेआधी युनिटला तीन नवी कोरी रिव्हॉल्व्हरं आली. कुठून आली ते सांगत नाही, त्याला काही अर्थ नाही. पेटीवर पासचा शिक्का होता. जुनी हत्यारं जमा करायचा हुकूम होता. भैरोंसिंहजींच्या वाट्याला तीन नंबरचं रिव्हॉल्व्हर आलं. मी चकरीवर पिवळा ठिपका लावला, तेल दिलं आणि सकाळी सगळे रेंजवर गेलो.

आमची रेंज टेकडीच्या पायथ्याशी. फायरिंगआधी लाल झेंडा चढवायचा, शिटी मारायची आणि मग टार्गेटांपुढून मोर हाकलायचे. एखादा मोर इतका निवांत चालायचा, की आमचे मेजरसाहेब घड्याळ बघत उभे राहायचे. त्या दिवशी मोर हटले, भैरोंसिंहजी उभे राहिले आणि त्यांनी सहा गोळ्या झाडल्या. पाच वाटीएवढ्या जागेत. एक चक्क हातभर लांब.

नवं हत्यार, होतं असं. दुसऱ्यांदा सहा. पुन्हा पाच मधोमध आणि एक बाहेर. पहिल्या खेपेला चौथी गोळी गेली होती, आता दुसरी. तिसऱ्या खेपेला सहावी. भैरोंसिंहजींनी रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जाधवजी, इसमें कुछ है."

मी म्हणालो, "बघतो." तंबूमागं गेलो. काय केलं असेल ते तुम्हाला आता माहीतच आहे. लोखंड ठोकलं, चहा प्यालो, परत आलो. "जरासा फरक होता, काढला."

त्यांनी झाडल्या. पाच आत, एक बाहेर.

आता मात्र मी चक्रावलो. माझं औषध लागू पडलं नाही असं कधी झालं नव्हतं. मेजरसाहेब म्हणाले, "जाधव, तुम चलाओ." मी घेतलं. ठिपक्याचं घर रिकामं सोडून पाच भरल्या आणि पाच झाडल्या. मी काही नेमबाज नव्हे, पण पाचही गोळ्या एका ताटलीत मावतील अशा बसल्या. पुन्हा पाच. पुन्हा तेच. मेजरसाहेबांनी स्वतः घेतलं, तीन झाडल्या, तिन्ही बरोबर, आणि ऊन फार झालं म्हणून ते छत्रीखाली गेले. स्टोअरच्या हवालदाराने सहा झाडल्या. त्याच्या सहाही गोळ्या सहा दिशांना गेल्या, पण त्याचं नेहमीच तसं, त्यामुळं त्यातून काय समजायचं?

मग भैरोंसिंहजींना त्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर दिलं. सहाच्या सहा वाटीखाली.

म्हणजे बघा हं. माणूस चांगला, हत्यार चांगलं. दोघं एकत्र आले की बिघाड! मी रात्रभर डोकं खाजवलं. सुमन म्हणाली, "झोपा आता, का घोरपडीसारखं टक लावून बसलाय छताकडं?"

दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांनी एक तर्क काढला. नव्या हत्याराचा आवाज जुन्याहून कडक आहे. लढाईत यांचा कान गेलेला. आवाजाची धास्ती आत बसली असणार, म्हणून मधेच एखाद्या गोळीला हात दचकत असेल. नेमबाजीत हा रोग सगळ्यांना माहीत असतो. गोळी सुटायच्या आधीच हात आवाजाला घाबरतो आणि नळी झुकते. तो ओळखायची युक्तीही आहे. माणसाला न सांगता खऱ्या गोळ्यांमध्ये एक-दोन पोकळ काडतुसं भरायची. चाप ओढला की नुसतं 'खट्' होतं, धक्का बसत नाही. ज्याचा हात दचकतो त्याची नळी त्या 'खट्'ला खाली झुकते, आणि सगळ्यांना दिसते. लपवायला जागाच नसते.

मी तीच युक्ती केली. चार खऱ्या, दोन पोकळ. भैरोंसिंहजींना माहीत नव्हतं. पहिल्या पोकळ काडतुसाला 'खट्' झालं, आणि मी बघत होतो. नळी हलली नाही. दुसऱ्याला पण नाही. भिंतीत रोवलेल्या खुंटीसारखा हात.

मी मेजरसाहेबांना तसं सांगितलं. ते वैतागले. "तो फिर क्या है? वेपन खराब है?"

"नाही साहेब, मी झाडलंय. वेपन ठीक आहे."

"आदमी ठीक, वेपन ठीक. तो गोली बाहर कौन ले जा रहा है, मोर?"

सगळे हसले. मीही हसलो. भैरोंसिंहजी जरा बाजूला, बहिरा कान लोकांकडं करून उभे होते. त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे.

"रिपोर्ट लिखो," मेजरसाहेब म्हणाले. "शाम तक चाहिए."

संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. एक ओळ लिहिली: हत्यार तपासले, दुरुस्त आहे. दुसरी ओळ काय लिहायची? मला कळत नाही, असं लिहायला पाहिजे होतं. खरं तेच होतं. पण आर्मररनं कळत नाही असं लिहायचं म्हणजे मग आर्मरर कशाला हवा? वीस वर्षांची अक्कल सांगत होती की खोट हातात असते. डोळ्यांनी बघितलेला तो न हललेला हात एकीकडं, आणि ही अक्कल दुसरीकडं. मी अकलेच्या बाजूनं गेलो. लिहिलं: फायररचा हात अधूनमधून दचकतो. खाली सही केली.

भैरोंसिंहजींचं नाव टीममधून गेलं. उस्तादाची नेमणूक दुसऱ्याला मिळाली आणि त्यांना लंगरच्या कोठीत पाठवलं, कांदे-बटाट्यांच्या पोत्यांवर देखरेख करायला. बराकीत पोरं मागं बोलायची, "भैरोंजी को आवाज से डर लगता है." अर्ध्या बहिऱ्या माणसाला म्हणे आवाजाची भीती! माझ्यासमोर ते फक्त एकदा बोलले. कोठीच्या दारात उभे होते, हातात तराजू. "जाधवजी, मैं झिझकता नहीं. आपने देखा था."

मी म्हणालो, "होतं कधीकधी भैरोंसिंहजी. वय झालं आपलं."

माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यांत या एका वाक्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

रविवारी ते यायचे बंद झाले. सुमन विचारायची, "भैरोंभैया का येत नाहीत हल्ली? तुम्ही काही बोललात का?" मी म्हणायचो, ड्यूटी असते. स्पर्धा झाली, आमच्या युनिटचा नंबरही आला नाही.

चारेक महिने गेले. एका सकाळी शेजारचं एक बिऱ्हाड बदली होऊन निघालं होतं, त्यांच्या वाटेच्या डब्यासाठी सुमन आप्पे करत होती. मी दाढी करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चहा पीत बसलो होतो. तिच्या आप्पेपात्राला सात खळगे. ती सहा खळग्यांत पीठ घालायची, झाकण ठेवायची, काढायची. पुन्हा सहा. मी सहज विचारलं, "सातवा का सोडतेस?"

"तिथं चिकटतं," ती म्हणाली. "आईनं लग्नात दिलं तेव्हापासून. म्हणून तो सोडते."

"आणि लोक म्हणतात, काय झकास पात्र आहे तुझं!"

"म्हणू देत की. त्यांना कुठं दिसतंय?"

चहा माझ्या हातात तसाच राहिला. तिनं दोन घाणे काढले असतील तोवर मी नुसता त्या रिकाम्या खळग्याकडं बघत होतो. मग मी चप्पल घातली. ती मागून ओरडली, "अहो, निघालात कुठं? डबा कोण नेऊन देणार?"

आमच्या हत्यारांच्या कोठीत एक सरळ, घासून गुळगुळीत केलेली सळई असते. ती नळीतून आत घालायची. चकरीचं घर नळीच्या बरोबर मागं उभं असेल तर सळई सुळकन आत जाते. ही तपासणी झिजलेल्या, जुन्या हत्याराची, अशी आमची पद्धत. नव्या, शिक्क्याच्या हत्याराला सळई कोण घालतं? मी तीन नंबरचं काढलं. पहिलं घर, सळई आत. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं, सगळ्यांत आत. मग चकरी आणखी एक घर फिरवली. पिवळ्या ठिपक्याचं घर नळीमागं आलं. सळई गेली आणि काठावर टक्कन थांबली.

ते एक घर सुताच्या चौथ्या हिश्शाएवढं, म्हणजे मिलिमीटरहूनही कमी, बाजूला थांबत होतं, बस्स. पण त्या घरातली गोळी नळीत शिरताना काठाला घासणार आणि वाट्टेल तिकडं जाणार. भैरोंसिंहजी सहा भरायचे, कुठूनही सुरू करायचे, म्हणून कधी दुसरी जायची, कधी चौथी. मेजरसाहेबांनी तीनच झाडल्या, त्यांत ते घर आलं नाही. स्टोअरवाल्याच्या सहाही बाहेर, त्यात एकीचं काय दिसणार? आणि मी! मी स्वतःच्या हातानं बरोबर त्याच घरावर ठिपका लावला होता आणि दर वेळी नेमकं तेच रिकामं सोडत होतो. सहांतलं कुठलंही घर मला निवडता आलं असतं. दुसऱ्या कुठल्याही घरावर ठिपका पडता तर पहिल्याच दिवशी माझी एक गोळी हातभर बाहेर गेली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती.

गंमत म्हणजे हा दोष दिसला तो फक्त भैरोंसिंहजींचा हात इतका चांगला होता म्हणून. आणि शिक्षा त्याच हाताला झाली.

मी लगेच धावत जाऊन सांगितलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पुढच्या महिन्यात माझं नायब सुभेदारीच्या बढतीचं प्रकरण बोर्डापुढं जाणार होतं. ठिपका खरवडायचा, चकरी बदलून मागवायची, कारण लिहायचं 'घासली'. कोणाच्या बापाला कळलं नसतं. दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी जेवताना सुमनला सगळं सांगितलं. तिनं हातातली पोळी खाली ठेवली. "म्हणजे त्यांचा हात ठीक होता आणि हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग अजून इथं काय बसलात?"

मेजरसाहेबांपुढं मी सळई, रिव्हॉल्व्हर आणि टार्गेटचा कागद ठेवला. त्या एकाच घरातून झाडलेल्या तीन गोळ्यांची भोकं, सगळी बाहेर. त्यांनी सळई स्वतः नळीत घालून बघितली. रागवावं की काय करावं, त्यांनाही समजेना. शेवटी म्हणाले, "मतलब आदमी ठीक था, तुम ठीक थे, और काग़ज़ ग़लत?"

"कागद मीच लिहिला साहेब."

त्यांनी जुना रिपोर्ट रद्द केला, नवा लिहून घेतला. माझं नायब सुभेदारीचं त्या वर्षी राहिलं. ते ठीकच झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

भैरोंसिंहजी तेव्हा महिन्याच्या रजेवर गावी होते. मी रविवारी बस धरून बस्सीला गेलो. ते अंगणात बाज विणत बसले होते. मला बघून उठले, नेहमीसारखं खांद्याला धरून उजवीकडं बसवलं. त्यांच्या घरातून छाछ, म्हणजे ताक, आलं. मी सगळं सांगितलं, कागद दाखवले, ठिपका, सळई, सगळं. कागदावरच्या भोकावर बोट ठेवून ते म्हणाले, "छठी आपने क्यों नहीं चलाई?"

"आमच्या उस्तादांची पद्धत. अपघात होऊ नये म्हणून."

त्यांनी मान हलवली. बाजेची दोरी ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "चार महीने से रोज़ सुबह उठके मैंने अपने हाथ को गाली दी है, जाधवजी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचा हात धरला. मी म्हणालो, "चला, परत या. सगळ्यांसमोर दाखवू. ज्यांनी तोंडं चालवली त्यांना बघू दे." त्यांना फारसं यायचं नव्हतं, आज ते मला स्पष्ट दिसतं. तेव्हा मला वाटलं, ते रुसले आहेत, आणि मी हट्टच धरला. माझ्या छातीवरचा दगड मला उतरवायचा होता ना! शेवटी ते हो म्हणाले.

रजा संपली, त्या आठवड्यात मेजरसाहेबांनी सगळ्यांना रेंजवर बोलावलं. तीन नंबरला नवी चकरी बसवली होती. मी सहाही घरांत सळई घातली होती, सहाही घरांतून स्वतः झाडून बघितलं होतं. पिवळा ठिपका आता कुठंच नव्हता. लंगरची पोरं, बराकीतली पोरं, नवे उस्ताद, सगळे ओळीनं उभे. लाल झेंडा चढला, मोर हाकलले.

रिव्हॉल्व्हर मी भरलं. आणि इथं मी दुसरी चूक केली. मला वाटलं, नुसता नेम दाखवून काय होणार? लोक म्हणतील, जमलं आज. यांचा हात दचकत नाही हेच सगळ्यांना दिसलं पाहिजे, आणि ते दाखवायचा एकच मार्ग मला माहीत होता. मी चार खऱ्या भरल्या आणि दोन पोकळ. पहिल्या वेळी ती नळी मी एकट्यानं बघितली होती. या वेळी सगळं युनिट बघेल. मी मेजरसाहेबांच्या कानात हळूच सांगितलं, "साहेब, आता नळीकडं बघा." ऐट होती बघा माझ्या आवाजात.

भैरोंसिंहजी उभे राहिले. मिशांना तेल होतं. पहिली गोळी, मधोमध. दुसरी, तिच्या शेजारी. कोणीतरी मागं "वाह" म्हणालं.

तिसऱ्या वेळी 'खट्' झालं.

आणि नळी खाली गेली. चांगली चार बोटं. हात वर आला, पण तोवर सगळ्यांनी बघितलं होतं. मेजरसाहेब माझ्याकडं बघत होते आणि मी वाळूकडं. हा हात चार महिन्यांपूर्वी दचकत नव्हता, मी या डोळ्यांनी बघितलं होतं. मग हे आत कधी शिरलं? कोठीत पोती मोजताना? रोज सकाळी हाताला शिव्या देताना? का मी दारात उभा राहून वय झालं म्हणालो तेव्हा? मला अजून सांगता येत नाही.

त्यांनी थांबायला पाहिजे होतं, पण फौजी माणूस, हुकूम सहाचा होता. चौथी गोळी कागदाच्या कडेला लागली. पाचव्या वेळी 'खट्', नळी पुन्हा खाली. सहावी कुठं गेली मी बघितलं नाही.

त्यांनी नियमाप्रमाणे नळी खाली करून चकरी उघडली, काडतुसं तळहातावर पाडली. चार रिकामी एका बाजूला सारली. दोन पोकळ माझ्या हातावर ठेवली. रागावले असते, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "लो जाधवजी. अब आपका लिखा सच हो गया."

आणि ते वळून तंबूकडं चालू लागले. मी मागून हाक मारली, "भैरोंसिंहजी!" दोनदा मारली, तीनदा मारली. पण मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो.